महाकाय रोबोंनी रडलंच पाहिजे का?

जपानी ॲनिमेच्या चाहत्यांमध्ये एक गोष्ट इतक्या वेळा सांगितली जाते की आता ती कुणी तपासूनच पाहत नाही. महाकाय रोबोंच्या मालिका म्हणे आधी पोरकट होत्या. एक शूर मुलगा, एक अजस्र यंत्र, दर आठवड्याला एक नवा राक्षस आणि शेवटी विजय. मग १९७९ साली ‘मोबाइल सूट गंडाम’ आली, रोबो युद्धातलं शस्त्र झाला, दोन्ही बाजूंची माणसं मरायला लागली आणि हा प्रकार वयात आला. १९९५ मध्ये ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ने रोबोत बसणाऱ्या मुलाचं मनच उघडं करून दाखवलं. त्यानंतर ज्या मालिकेत कुणी उन्मळून रडत नाही ती खेळण्यांची जाहिरात, असा निकाल लागला. हलकीफुलकी रोबोमालिका आवडते म्हणावं तर समोरचा उदार होऊन म्हणतो, ‘टाइमपास म्हणून ठीक आहे.’

हे औदार्य त्याने स्वतःकडे ठेवावं. गंडाम आणि इव्हँगेलियन मला आवडतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यांच्या नावाने लावल्या जाणाऱ्या या उतरंडीशी. हलकेपणा या प्रकाराच्या हाडातच आहे. चांगल्या हातात पडला तर तो जे दाखवू शकतो, ते दाखवणं युद्धकथांना आणि मनोविश्लेषणाला जमलेलं नाही.

आधी इतिहास, कारण ही गोष्ट तिथेच सगळ्यात कच्ची आहे. गंडामचे दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. त्यांनी गंडामच्या दोन वर्षं आधी, १९७७ मध्ये, ‘झांबॉट ३’ केली. तिच्यात शत्रू सामान्य माणसांना पकडतो, त्यांच्या शरीरात बॉम्ब बसवतो आणि त्यांना परत लोकांत सोडून देतो. नायकाचं कुटुंब ज्यांच्यासाठी लढतं तेच लोक ‘तुमच्यामुळे हे संकट आलं’ म्हणून त्या कुटुंबावर उलटतात. शेवटापर्यंत त्या कुटुंबातली बहुतेक माणसं गेलेली असतात. म्हणजे तथाकथित बालपण संपण्याआधीच इतकी काळीकुट्ट मालिका होऊन गेली होती. मग पुढच्याच वर्षी तोमिनोंनी काय केलं? ‘डायटार्न ३’. हारान बान्जो नावाचा श्रीमंत, देखणा, बाँडपटातून थेट उठून आल्यासारखा नायक, त्याच्याहून कर्तबगार बटलर, १२० मीटर उंचीचा रोबो आणि चाळीस भाग भरून थट्टामस्करी. त्यानंतर गंडाम. त्यानंतर १९८० मध्ये ‘इदेऑन’, जिच्या शेवटी कुणीच जिवंत उरत नाही.

आणि मग १९८२. त्या वर्षीचं वेळापत्रक मला फार आवडतं. मार्चमध्ये गंडामचा तिसरा चित्रपट आला. जुलैमध्ये इदेऑनचे चित्रपट आले, विश्वसंहारासकट. आणि फेब्रुवारीपासून वर्षभर दर आठवड्याला टीव्हीवर याच दिग्दर्शकाची ‘झाबंगल’ चालू होती, जी धमाल विनोदी आहे. ज्याने या प्रकाराला रडायला शिकवलं असं तुम्ही सांगता, तो माणूस अधूनमधून हसवायला परत येत होता. याला वयात येणं म्हणत नाहीत. दोन्ही सूर त्याला हवे होते, इतकंच.

झाबंगलवर थोडं थांबायला हवं, कारण गंभीरवाद्यांच्या यादीत तिचं नाव सहसा नसतं. तिच्यातले रोबो पेट्रोलवर चालतात आणि चालवणाऱ्याच्या हातात साधं मोटारीचं स्टिअरिंग असतं. नायकाचा रोबो एकमेव, दैवी, वडिलांनी मागे ठेवलेला वगैरे असावा हा तोवरचा दंडक. इथे त्याच मॉडेलचे दोन आहेत, आणि मालिकेच्या मध्यावर नायक तो सोडून दुसऱ्याच यंत्रात बसतो. नायक जिरॉन आमोस तर पुरीसारख्या गोल तोंडाचा, आणि त्या तोंडावरून बाकीची पात्रं त्याला सतत चिडवतात. आपण ॲनिमेत आहोत याची जाणीव पात्रांना अधूनमधून होते आणि ती तसं बोलूनही दाखवतात.

पण या सगळ्या गमतीच्या तळाशी काय आहे पाहा. झोरा नावाच्या ग्रहावर कायदा असा, की कुठलाही गुन्हा, अगदी खूनसुद्धा, तीन दिवस निभावून नेला की माफ. जिरॉनच्या आईबापांचा खून झालेला आहे. तीन दिवस उलटून गेले तरी तो खुन्याचा पाठलाग सोडत नाही. सगळ्या ग्रहाला हे वेड वाटतं. चौथ्या दिवशी राग लक्षात ठेवणारा माणूस ही त्या समाजाला न पेलणारी गोष्ट आहे, आणि त्या एका हट्टातून पुढे राज्यकर्ते आणि रयत यांच्यातलं सगळं नातंच उसवत जातं. विसरण्याची सोय कुणाच्या फायद्याची असते, हा प्रश्न याहून नेमका विचारणारी गंभीर रोबोमालिका मला माहीत नाही. विनोदी चौकट होती म्हणून तीन दिवसांच्या कायद्यासारखी अचाट कल्पना खपली. गंभीर मालिकेत प्रेक्षकाने पहिल्याच भागात विचारलं असतं, ‘असा कायदा कोण करेल?’

आता खेळण्यांचा आरोप. तो खरा आहे, आणि म्हणूनच निरुपयोगी आहे. १९७२ च्या ‘माझिंगर झेड’पासून हा सगळा व्यवसाय खेळण्यांच्या पैशावर उभा आहे. त्यातून गंडाम सुटली होती का? तिची प्रायोजक क्लोव्हर ही खेळण्यांचीच कंपनी होती. ठरलेले ५२ भाग कापून ४३ वर आणले गेले, कारण विक्री आणि प्रेक्षकसंख्या जमत नव्हती. तो पांढऱ्या-निळ्या-लाल-पिवळ्या रंगाचा रोबो रणांगणावर लपायला बनवलेला नाही हे कुणालाही दिसतं. १९८० पासून बांदाईने प्लॅस्टिकची जोडायची मॉडेलं काढली आणि गंडाम खऱ्या अर्थाने उभी राहिली. इव्हँगेलियनच्या नावाने तर जपानात पाचिंकोची जुगारयंत्रं निघाली आहेत. दुःखसुद्धा चांगलं विकलं जातं. तेव्हा विक्रीच्या मुद्द्यावर कुणी कुणाला तुच्छ लेखू नये.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. रोबो म्हणजे शस्त्र, शस्त्राची मजा मुलांना दाखवणं म्हणजे हिंसेचे लाड करणं, आणि गंभीर मालिका निदान त्याची किंमत दाखवतात, असा तो आक्षेप. हा मी हसण्यावारी नेणार नाही. पण गंभीर मालिका प्रत्यक्षात काय करतात तेही पाहावं. युद्ध वाईट असं संवादांत सांगतात आणि चित्रांत ते इतकं देखणं काढतात की दुसऱ्या दिवशी मुलगा शत्रुपक्षाच्या ‘झाकू’चं मॉडेल मागतो. पात्राच्या डोळ्यांत अश्रू आणि पडद्यावर डौलदार स्फोट. हलक्या मालिकांपैकी चांगल्यांना ही कसरत करावीच लागत नाही, कारण त्यांतल्या कित्येकांमध्ये युद्धच नाही. तिथे रोबो वाहतूक नियमन करतो, दारूच्या नशेत बांधकामाचं यंत्र घेऊन सुटलेल्या चालकाला आवरतो, आणि त्या भानगडीत भिंत पाडली तर साहेबांच्या शिव्या खातो.

हे वर्णन ‘पॅटलेबर’चं आहे. पण तिच्याकडे जाण्याआधी गो नागाईंची एक हकीकत सांगायला हवी. माझिंगर झेड कशी सुचली हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. ते वाहतूक कोंडीत अडकले होते. समोर गाड्यांची न हलणारी रांग. आपल्या गाडीला हातपाय फुटले आणि ती सगळ्यांना ओलांडून चालत गेली तर काय बहार येईल, असं त्यांना वाटलं. माणूस आत बसून चालवतो असा महाकाय रोबो टीव्हीवर रुजला तो इथून. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ही कल्पना समजावून सांगायची गरज नाही. ना युद्ध, ना आघात, ना बापाने टाकलेलं पोर. मुळाशी आहे ती कोंडीत वैतागलेल्या माणसाची चेष्टेखोर इच्छा.

म्हणून मी म्हणतो की हलकेपणा हाडात आहे. अठरा मीटर उंच, दोन पायांवर चालणारं, माणसाच्या आकाराचं शस्त्र ही मुळातच हास्यास्पद वस्तू आहे. इतकं मोठं लक्ष्य शत्रूला कुठून मिळणार? गंडामला ही अडचण झाकायला मिनोव्स्की कण नावाची भानगड शोधावी लागली. ते कण हवेत असले की रडार निकामी होतं, लांबून नेम धरता येत नाही, आणि मग रोबोंना जवळ जाऊन तलवारबाजी करायला कारण मिळतं. कल्पना हुशारीची आहे, मान्य. पण ती सबब आहे. हलकी मालिका सबब देत बसत नाही. गंमत आहे हे तिला ठाऊक असतं, तुम्हालाही ठाऊक असतं, आणि दोघं मिळून पुढे जाता.

आता पॅटलेबर. मामोरू ओशिई, काझुनोरी इतो, मासामी युकी, आकेमी ताकादा आणि युताका इझुबुची या पाच जणांनी ‘हेडगिअर’ नावाने एकत्र येऊन ती उभी केली. १९८८ मध्ये व्हिडिओवर आली, पुढच्या वर्षी टीव्हीवर, तिथे ४७ भाग. काळ त्यांनी दहा वर्षं पुढचा धरला होता. टोकियोच्या उपसागरात भराव घालण्याचं प्रचंड काम चालू आहे, त्यासाठी ‘लेबर’ नावाची पायांची बांधकामयंत्रं सर्वत्र झाली आहेत, आणि यंत्रं आली तसे यंत्रांचे गुन्हेही आले. म्हणून पोलिसांनाही आपले लेबर घ्यावे लागले. त्या तुकडीचं ठाणं भराव घातलेल्या ओसाड जमिनीवर, शहरापासून दूर. जेवण मागवायचं तर भिस्त एकाच चिनी खाणावळीवर. जेवणाच्या ऑर्डरीतून उद्भवणारं महाभारत हा टीव्हीवरच्या एका अख्ख्या भागाचा विषय आहे, आणि तो भाग खुद्द ओशिईंनी लिहिला आहे.

इझुमी नोआ या पोरीला आपल्या रोबोचा इतका लळा, की ती त्याला आल्फोन्स म्हणते. आधी तिच्या कुत्र्याचं नाव आल्फोन्स होतं, मग मांजराचं. ओता हा बंदूक चालवायला कारणच शोधत असतो. हिरोमी हा दांडगा, पण स्वभावाने गरीब गडी ठाण्यावर टोमॅटो लावतो आणि कोंबड्या पाळतो. वर बसलेला कप्तान गोतो दिसतो आळशी, पण भल्याभल्यांना पुरून उरतो. डोईजड होईल म्हणूनच त्याला या कोपऱ्यात टाकलेलं आहे. सरकारी खात्यात नोकरी केलेल्या प्रत्येकाने हा गोतो कुठेतरी पाहिलेला असतो. व्हिडिओच्या पहिल्या भागात नवे कोरे रोबो ट्रकवरून येताना कुठे अडकतात? वाहतूक कोंडीत. नागाईंना कोंडीतून सोडवणारा रोबो सोळा वर्षांनी स्वतःच कोंडीत उभा आहे, आणि या विनोदात चपराक नाही, माया आहे.

पॅटलेबरमध्ये मला सर्वांत मोलाचं वाटतं ते काम. रोबो दुरुस्त कोण करतं, सुटे भाग कुठून येतात, अहवाल कोण लिहितं, रात्रपाळी कुणाची. गंभीर मालिकांत मेकॅनिक येतो तो नायकाला ‘सांभाळून जा’ म्हणायला. इथे साकाकी नावाच्या म्हाताऱ्या मिस्त्रीचा शब्द अख्ख्या ठाण्यावर चालतो. प्रत्येक भागाला जगाचं भवितव्य टांगणीला लावायचं ठरवलं की या गोष्टींना जागा उरत नाही. भवितव्य थोडं बाजूला ठेवलं की माणसं दिसायला लागतात.

तरीही कुणी म्हणेल, पण पॅटलेबरचं नाव राहिलं ते ओशिईंच्या १९९३ च्या दुसऱ्या चित्रपटामुळे, आणि तो तर कमालीचा गंभीर आहे. आहेच. लष्कर रस्त्यावर उतरलेलं टोकियो त्यात आहे, आणि शांतता म्हणजे नेमकं काय यावरचा वाद आहे. पण त्यात पांगलेली तुकडी पुन्हा एकत्र येते तेव्हा जे काळजाला भिडतं, ते कुठून आलं? आधीच्या कितीतरी भागांत ही माणसं जेवणावरून भांडताना आपण पाहिलेली आहेत म्हणून. विनोदाने जमवलेली ठेव त्या चित्रपटाने खर्च केली. श्रेय मात्र खर्च करणाऱ्याला मिळालं.

कामाचा हा धागा पुढे १९९९ च्या ‘डायगार्ड’ने उचलला. तिथे रोबो खासगी कंपनीच्या मालकीचा आहे, आणि तो चालवणारे तिघं त्या कंपनीच्या प्रसिद्धी विभागातले पगारदार नोकर. राक्षसाला हरवायला परवानगी लागते, नुकसानीचा खर्च कुणाच्या खात्यावर यावरून बैठका होतात. कार्यालयीन जीवनावर याहून खट्याळ मालिका कमी असतील.

बदलाची दृश्यं तीच तीच, हा आणखी एक ठरलेला आक्षेप. रोबोचे भाग जुळतात, छातीवर चिन्ह चमकतं, तलवार उपसली जाते आणि हे सगळं दर भागात जसंच्या तसं. पैसे वाचवण्यासाठी एकदा काढलेली चित्रं पुन्हा पुन्हा वापरली जातात हे खरं. पण तमाशाला गेलेला माणूस ‘आज पुन्हा गण झाला, पुन्हा गवळण झाली’ अशी तक्रार करतो का? गण झाल्याशिवाय त्याला तमाशा सुरूच झाल्यासारखा वाटत नाही. ठरलेलं ठरल्या वेळी येण्यातली रंगत प्रेक्षकाला कळते, ती समीक्षकाला कळत नसेल तर तो दोष ठरलेल्या क्रमाचा कसा? १९९७ च्या ‘गाओगायगार’मध्ये रोबोचे भाग जोडण्याआधी वरिष्ठांची रीतसर मंजुरी घ्यावी लागते, कप्तान ती गर्जना करून देतो, आणि ती गर्जना ऐकायला मी दर भागात तितकाच उतावीळ असतो. त्या दृश्यांचं रेखाटन तर बघावं. मूठ पडद्याबाहेर येईल अशी मोठी, पाय दूर कुठेतरी बारीक, तलवार तिरकी. हलकी मालिका म्हणून चित्रकारांनी हात आखडता घेतलेला नाही.

सगळ्यात कमी ओळखली जाणारी, आणि माझी सर्वांत लाडकी, म्हणजे १९९१ ची ‘रायजिन-ओ’. पाचवीचा एक वर्ग, मुलं अठरा. त्यांच्या ताब्यात रोबो येतो आणि संकट आलं की शाळेचं रूप पालटतं. वर्गाचा नियंत्रणकक्ष होतो, बाकांवरून कामं सुरू होतात. रोबोत बसतात तिघंच, पण बाकीच्या पंधरांनाही काम आहे. शत्रूचे राक्षसही मजेशीर रीतीने जन्मतात. कुणीतरी वैतागून ‘काय हा उपद्रव!’ म्हणावं आणि त्या उपद्रवाचाच राक्षस व्हावा. म्हणजे संकट शहराच्या रोजच्या कुरकुरीतूनच घडतं.

एकट्या निवडल्या गेलेल्या मुलाचं दुःख इव्हँगेलियनने सांगितलं, आणि उत्तम सांगितलं. पण निवड एकाचीच का व्हावी, हा प्रश्न तिला सुचत नाही. तो रायजिन-ओला सुचतो. मागच्या बाकावरच्या पोराचं काय, हळू बोलणाऱ्या पोरीचं काय, तिघांची भांडणं लागली तर वर्गाने काय करायचं? एकावन्न भाग या मालिकेला त्यासाठी पुरून उरतात. मुलांसाठी बनवलेली गोष्ट म्हणून तिला कमी लेखणाऱ्यांनी आपला शाळेतला वर्ग जरा आठवून पाहावा. तिथलं राजकारण पोरकट होतं का?

आणि पोरकटपणाचंच म्हणाल तर १९९६ ची ‘नादेसिको’ पाहा. ती इतकी बडबडी आणि वाह्यात आहे की पहिल्या दोन भागांत कुणी तिला गांभीर्याने घेणार नाही. जहाज एका कंपनीचं, नायकाला व्हायचंय आचारी, आणि कर्मचाऱ्यांच्या करारात प्रेम हातात हात घेण्यापर्यंतच करावं असं कलम आहे. जहाजावरचे तरुण ‘गेकिगँगर ३’ नावाची जुन्या धर्तीची रोबोमालिका वेड्यासारखी पाहतात. त्या मालिकेवर सर्वांत जास्त प्रेम करणारा वीर तिसऱ्याच भागात मरतो, तोही लढाईत नाही, कुणाच्या तरी साध्या गोळीने. पुढे कळतं की शत्रू परग्रहवासी नाहीतच. ती गुरूकडे हाकलली गेलेली माणसंच आहेत, आणि त्यांनी आपली सगळी नीती, मर्दपणाच्या कल्पना, न्याय-अन्यायाचा हिशोब याच ‘गेकिगँगर ३’वर बेतलेला आहे. एका बालमालिकेला पोथी करून बसलेला समाज! आवडत्या गोष्टीला धर्म बनवण्याच्या चाहत्यांच्या खोडीवर, आणि शौर्यकथांवर वाढलेल्या राष्ट्रांवर, इतकी जहरी टीका एका विनोदी मालिकेने केली. विशेष म्हणजे, ती करताना ‘गेकिगँगर’वरचं आपलं प्रेम तिने लपवलं नाही.

सगळ्याच हलक्या मालिका चांगल्या आहेत असं मी म्हणत नाही. रोबो निमित्तमात्र आणि मुलींच्या अंगावर कॅमेरा, अशा कितीतरी आहेत. विनोद सुचत नाही म्हणून ओरडाआरडा, अशाही आहेत. पण त्यांचा दोष आळशीपणा आहे. तसा आळस गंभीर मालिकांतही मुबलक सापडतो, फक्त तिथे तो पावसात भिजत गप्प उभ्या राहिलेल्या नायकाच्या रूपाने येतो आणि खोल समजला जातो. मराठीतही विनोदी लेखकाला ‘करमणूक करतो’ म्हणून बाजूला बसवण्याची खोड आपल्याला आहेच. चिं. वि. जोशींचा चिमणराव आपल्या मध्यमवर्गाबद्दल जितकं सांगून गेला तितकं किती करुणगंभीर कादंबऱ्यांना जमलं?

तेव्हा उतरंड मोडा आणि मालिका पाहा. सुरुवात पॅटलेबरच्या व्हिडिओवर आलेल्या सात भागांपासून करा. अर्ध्या-अर्ध्या तासाचे आहेत, आणि आधीचं काहीही माहीत असावं लागत नाही. ते आवडले तर रायजिन-ओ शोधा. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्यालाही शेजारी बसवा. आणि नाहीच आवडले, तर गंडाम कुठे पळून जात नाही.